सिगरेट सोडताना मन का बिघडतं, आणि त्यावर काय करायचं

सिगरेट सोडलेली बरीच माणसं तिसऱ्या-चौथ्या दिवशी परत टपरीवर दिसतात. फुप्फुसाची, हृदयाची भीती तोवर मागे पडलेली असते. पुढ्यात असते ती धडधड, कुठेच मन न लागणं आणि घरच्यांवर निघणारा राग. त्यातून एक समज पक्का होतो की आपल्याला सिगरेटशिवाय टेन्शन झेपत नाही. हा समज चुकीचा आहे. पण अनुभव अगदी तसाच येत असल्यामुळे नुसतं ‘मन घट्ट करा’ सांगून तो जात नाही. सोडण्याच्या काळातली बेचैनी दोन प्रकारची असते, एक निकोटीन उतरल्याची आणि दुसरी आपली स्वतःची, आधीपासूनची. दोन्ही ओळखता आल्या पाहिजेत, कारण त्यांचे उपाय वेगळे आहेत.

सिगरेटने बरं का वाटतं

झुरका घेतल्यावर १० ते २० सेकंदांत निकोटीन मेंदूत पोचतं. रक्तातलं त्याचं प्रमाण साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं. वर्षानुवर्षं ओढणाऱ्याच्या मेंदूत निकोटीन धरून ठेवणारे रिसेप्टर वाढलेले असतात. पातळी उतरली की तेच चिडचिड, अस्वस्थपणा, लक्ष न लागणं सुरू करतात. पुढची सिगरेट ही बेचैनी मिटवते, आणि आपल्याला वाटतं की साहेबांच्या फोनचं टेन्शन गेलं. प्रत्यक्षात आधीच्या सिगरेटने लावून दिलेलं टेन्शन तेवढं गेलेलं असतं. दिवसाला पंधरा सिगरेटी म्हणजे जागेपणी जवळजवळ तासाला एक, म्हणजे हा चढउतार दिवसभर चालूच. बिडी ओढणाऱ्यांचंही असंच होतं.

टपरीवर मिळणारा सगळाच आराम मात्र खोटा नसतो. तिथे जायला आपण खुर्चीतून उठतो, पाच मिनिटं उघड्यावर उभे राहतो, मित्राशी बोलतो, लांब श्वास घेतो. हे चारही उपाय खरोखर मन हलकं करतात आणि त्यांना तंबाखू लागत नाही. हिंजवडी-खराडीतल्या ऑफिसांत सिगरेट सोडणारा माणूस पहिल्या दिवसापासून ब्रेकही बंद करून टाकतो आणि दिवसभर डेस्कला खिळून राहतो. मग जीव गुदमरला की दोष सिगरेट नसण्याला देतो. ब्रेक घ्या, त्याच वेळेला घ्या, जमलं तर त्याच सहकाऱ्याबरोबर घ्या. फक्त दुसऱ्या गेटने बाहेर पडा.

ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २०१४ साली २६ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला होता. सोडण्याआधी आणि सोडल्यानंतर किमान सहा आठवड्यांनी लोकांचं मन कसं होतं, ते त्यात तपासलं होतं. ओढत राहिलेल्यांच्या तुलनेत सोडलेल्यांची चिंता, उदासी आणि ताण कमी झालेला दिसला. आधीपासून मानसिक आजार असलेल्यांनाही फायदा तितकाच होता. हा सरासरीचा हिशोब आहे आणि सहा आठवड्यांनंतरचा आहे, हे मात्र ध्यानात ठेवा. पहिले दोन ते चार आठवडे मन आधीपेक्षा वाईटच असतं. ते आधी माहीत असलेला माणूस टिकतो.

सोडण्याआधीचा आठवडा

एक छोटी वही खिशात ठेवा. मोबाइलही चालेल, पण वहीत नोंद जास्त प्रामाणिक होते. प्रत्येक सिगरेटच्या आधी वेळ, जागा, काय घडलं आणि बेचैनीला दहापैकी किती गुण, एवढं लिहा. वीस मिनिटांनी पुन्हा गुण द्या. त्या आठवड्यात सिगरेटी कमी करायच्या नाहीत, फक्त लिहायचं.

आठवड्याच्या शेवटी नोंदींचे तीन ढीग करा. उठल्याउठल्या, लांबलेल्या मीटिंगनंतर किंवा सिनेमा सुटल्यावर ओढलेल्या सिगरेटी निकोटीन उतरल्याच्या असतात. भांडण, ऑफिसची ओरड, रात्रीचा एकटेपणा किंवा पेठेतल्या अभ्यासिकेत रात्री अकराला ‘आपलं कसं होणार’ या विचाराने ओढलेल्या मनातल्या कारणाच्या. उरलेल्या, चहाबरोबर आणि जेवणानंतरच्या, निव्वळ सवयीच्या. पहिल्या ढिगावर निकोटीनचा चघळायचा गम आणि त्वचेवर चिकटवायचा पॅच काम करतात. तिसऱ्यावर जागा आणि वेळ बदलणं पुरतं. दुसऱ्या ढिगावर यातलं काहीच फारसं चालत नाही, तिथे मनासाठीच काही करावं लागतं. दुसरा ढीग मोठा असूनही फक्त गम घेऊन निघालेले लोक हमखास अडकतात.

याच आठवड्यात आणखी एक तपासा. गेल्या दोन आठवड्यांत जवळजवळ रोज मन खिन्न होतं का? एरवी आवडणाऱ्या गोष्टींतलं मन उडालं आहे का? उत्तर ‘हो’ असेल, किंवा पूर्वी डिप्रेशनचा त्रास होऊन गेला असेल, तर तारीख ठरवण्याआधी डॉक्टरांना भेटा. सोडणं रद्द करायचं नाही, मनावरचा उपचार बरोबरीने सुरू करायचा.

तारीख ठरवताना मार्चअखेर, परीक्षेचा आठवडा, घरातलं लग्न टाळा. पण टेन्शन नसलेल्या महिन्याची वाट बघत बसू नका, तो येत नाही.

चहा-कॉफी निम्मी करा

ही सूचना बहुतेकांना कोणी देत नाही, आणि पुण्यात तर ती हवीच. तंबाखूच्या धुरातली काही रसायनं यकृतातलं सीवायपी१ए२ नावाचं एन्झाइम वाढवतात. चहा-कॉफीतल्या कॅफिनचा निचरा हेच एन्झाइम करतं. त्यामुळे ओढणाऱ्याच्या शरीरातून कॅफिन जवळजवळ दुप्पट वेगाने बाहेर पडतं. सिगरेट बंद झाली की थोड्याच दिवसांत हा वेग खाली येतो. अमृततुल्यमधले चार कप तेच राहतात, पण रक्तातलं कॅफिन दुपटीच्या आसपास जातं. मग छाती धडधडते, हात थरथरतात, रात्री दोनपर्यंत डोळा लागत नाही. ही सगळी लक्षणं चिंतेसारखीच असल्यामुळे माणसाला वाटतं, सिगरेट सोडून आपलं डोकं बिघडलं.

म्हणून सोडण्याच्या दिवसापासून कप निम्मे करा आणि दुपारी तीननंतर चहा-कॉफी घेऊ नका. एकदम शून्यावर येऊ नका. कॅफिन अचानक तुटलं की डोकं दुखतं, आळस येतो, आणि दोन सवयींची ओढाताण एकाच वेळी सुरू होते.

याच एन्झाइममुळे काही औषधांचंही गणित बदलतं. क्लोझापिन आणि ओलान्झापिन ही मानसिक आजारांवरची औषधं, आणि दम्यासाठी किंवा श्वासाच्या आजारासाठी दिली जाणारी थिओफायलिनची गोळी, यांचं रक्तातलं प्रमाण सिगरेट सुटल्यावर वाढतं. खूप गुंगी, लाळ गळणं, मळमळ, धडधड होऊ शकते, आणि क्लोझापिन फार वाढलं तर झटकेही येऊ शकतात. यातलं काही चालू असेल तर तारीख आधी डॉक्टरांना सांगा. डोस तेच बदलतील, आपण हात लावायचा नाही. पुन्हा ओढायला लागलात तरी कळवा, कारण मग तोच डोस अपुरा पडतो. हा परिणाम धुराचा आहे, निकोटीनचा नव्हे. त्यामुळे गम किंवा पॅच चालू असला तरी ही काळजी घ्यावीच लागते.

गम आणि पॅच

गमने आपल्याला गुण आला नाही असं सांगणाऱ्या बहुतेकांनी तो च्युइंगमसारखा चघळलेला असतो. सतत चघळलं की निकोटीन थुंकीबरोबर पोटात जातं. तिथे ते फारसं कामाला येत नाही, उचकी, मळमळ, आंबट ढेकर आणि घशाची जळजळ मात्र होते. मग ‘मला सूट होत नाही’ म्हणून पाकीट कपाटात जातं.

गम तोंडात टाकून सावकाश चावा. दहा-पंधरा वेळा चावल्यावर मिरीसारखी चुणचुण जाणवते. जाणवली की चावणं थांबवा आणि गम गाल व हिरडीच्या मध्ये दाबून ठेवा. निकोटीन गालाच्या आतल्या त्वचेतून शोषलं जातं. मिनिटभराने चुणचुण ओसरली की पुन्हा थोडं चावा आणि दुसऱ्या गालात ठेवा. असं साधारण अर्धा तास. आधीची पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना चहा, कॉफी, सरबत, सोडा काही घेऊ नका, तोंड आंबट झालं की निकोटीन शोषलं जात नाही. पाणी चालतं. परिणाम चढायला वीस-तीस मिनिटं लागतात. म्हणून तलफ शिगेला पोचल्यावर घेण्यापेक्षा घड्याळ लावून घ्या.

उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगरेट लागत असेल तर ४ मिलिग्रॅमचा गम लागतो, नाहीतर २ चा पुरतो. २ मिलिग्रॅमचा गम मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळतो, ४ साठी डॉक्टरांची चिठ्ठी घ्या. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, म्हणजे दिवसाला किमान नऊ, आणि चोवीसच्या वर नाही. दिवसाला दोन गम घेऊन ‘काही उपयोग नाही’ म्हणणं म्हणजे औषध न घेताच निकाल लावणं आहे.

दिवसाला दहापेक्षा जास्त सिगरेटी असतील तर पॅच २१ मिलिग्रॅमचा, सहा आठवडे. त्यानंतर दोन आठवडे १४ चा आणि दोन आठवडे ७ चा. दंडावर किंवा पाठीवर, केस नसलेल्या जागी, रोज जागा बदलून लावा. एप्रिल-मेमध्ये घामाने पॅच सुटतो, तेव्हा अंघोळीनंतर त्वचा पूर्ण कोरडी करून तळहाताने दहा सेकंद दाबून धरा. रात्री विचित्र, जिवंत वाटणारी स्वप्नं पडून झोप मोडत असेल तर झोपताना काढा. मग सकाळची तलफ जोरात येते, तेव्हा गम उशाशी ठेवा. पॅचने पाया धरायचा आणि वरून येणाऱ्या तलफेला गम घ्यायचा, ही जोडी एकट्या गमपेक्षा किंवा एकट्या पॅचपेक्षा जास्त चालते, आणि चिंतेचा स्वभाव असलेल्यांना आम्ही तीच सुचवू. गरोदरपण असेल किंवा नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल तर आधी डॉक्टर. ई-सिगरेटवर भारतात २०१९ पासून बंदी आहे, तो मार्ग धरूच नका.

व्हॅरेनिक्लिन आणि ब्युप्रोपिऑन या सिगरेट सोडायला मदत करणाऱ्या गोळ्या चिठ्ठीवरच मिळतात. त्यांनी डोक्यावर परिणाम होतो, ही भीती अजून ऐकू येते. तिला आधार होता. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या गोळ्यांवर तसा ठळक इशारा छापायला लावला होता. नंतर आठ हजारांहून अधिक लोकांवर चाचणी झाली, त्यांतल्या जवळपास निम्म्यांना मानसिक आजार होता. २०१६ मध्ये तिचे निष्कर्ष आले. पॅच किंवा नुसती साखरेची गोळी घेतलेल्यांच्या मानाने मनाच्या तक्रारींत लक्षणीय वाढ दिसली नाही, आणि त्याच वर्षी डिसेंबरात तो इशारा काढला गेला. तरीही गोळी चालू असताना मनात भलतेसलते विचार यायला लागले तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगायचं. व्हॅरेनिक्लिन भरल्या पोटी आणि पेलाभर पाण्याबरोबर घ्या, नाहीतर मळमळतं. ब्युप्रोपिऑनने झोप उडते, म्हणून दिवसातली दुसरी गोळी रात्री उशिरा नको. फिट्स येणाऱ्यांना ती देत नाहीत.

पहिले चार आठवडे

शेवटच्या सिगरेटनंतर काही तासांतच चुळबुळ सुरू होते. दुसरा-तिसरा दिवस सगळ्यात अवघड. त्यानंतर चिडचिड उतरत जाते, पण दुसऱ्या आठवड्यात तिची जागा बऱ्याचदा एक निरसपणा घेतो, कशातच मजा वाटत नाही. चिडचिड आणि हा निरसपणा, दोघांना वेगळी वागणूक लागते.

तलफ बहुधा तीन ते पाच मिनिटांत ओसरते. त्या वेळी बसून राहू नका. दहा मिनिटांचं भरभर चालणंसुद्धा तलफ खाली आणतं, पाऊस असेल तर जिने चढा. चालणं शक्य नसेल तर चार मोजेपर्यंत श्वास आत आणि सहा मोजेपर्यंत बाहेर, असं दहा वेळा करा. बाहेर सोडणं लांबवलं की नाडी शांत होते. पोट रिकामं असतानाची चिडचिड आणि तलफ सारखीच वाटते, म्हणून जेवण चुकवू नका आणि फुटाणे, शेंगदाणे, काकडी हाताशी ठेवा. वर्षभरात सरासरी चार-पाच किलो वजन वाढतं, बरंचसं पहिल्या तीन महिन्यांत. त्याच काळात डाएट सुरू करण्याचा नाद सोडा, उपाशी माणूस सिगरेटकडे लवकर वळतो. धडधडीबरोबर छातीत दाबल्यासारखं दुखत असेल, दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे जात असेल, दरदरून घाम फुटला असेल, तर ते चिंता म्हणून सोडून देऊ नका, १०८ ला फोन करा.

निरसपणावर ‘मूड आला की करू’ चालत नाही, कारण मूड येत नाही. आदल्या रात्रीच वेळ घालून दोन गोष्टी लिहा, एक आवडीची आणि एक हातावेगळी करायची. सकाळी साडेसहाला तळजाई किंवा हनुमान टेकडी, संध्याकाळी सातला तुंबलेलं वीजबिल, इतक्या साध्या. मन नसलं तरी त्या वेळेला उठायचं. बरं वाटणं कामाच्या मागून येतं.

बसायला जाणं चार आठवडे टाळा. दोन पेगनंतर ठरवलेलं काही आठवत नाही, आणि दारू उतरल्यावर दुसऱ्या दिवशीची चिंता वाढलेली असते.

घरच्यांना आधी सांगून ठेवा की पंधरा दिवस मी चिडेन, आणि तेव्हा एक वाक्य बोलायचं नाही. ते वाक्य म्हणजे, ‘त्यापेक्षा ओढ बाबा एकदाची!’ चांगल्या मनाने बोललेल्या या एका वाक्याने बरेच जण परत फिरतात. त्याऐवजी त्यांनी खोलीबाहेर जाऊन दहा मिनिटांनी परत यावं.

हे निकोटीनचं की आपलं?

निकोटीन उतरल्याची बेचैनी सोडल्याच्या दिवशीच सुरू होते, दर आठवड्याला थोडी कमी होते आणि गमने अर्ध्या तासात हलते. आपली स्वतःची चिंता किंवा उदासी आधीच्या वहीतही दिसते, विशिष्ट विचारांना चिकटलेली असते, गमला दाद देत नाही, आणि चार आठवड्यांनीही जागची हलत नाही किंवा वाढते. सोडल्यावर दोन आठवडे जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ मन खिन्न राहिलं, किंवा झोप, भूक, काम बिघडलं, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. उदासीवर उपचार होतात आणि सिगरेट न ओढता होतात. जीव नकोसा झाल्याचे विचार आले तर दोन आठवडे थांबायचं नाही, त्याच दिवशी कोणाला तरी सोबत घेऊन दवाखाना गाठायचा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

पुण्यात ससूनमध्ये मनोविकार विभाग आहे. येरवड्याचं मुक्तांगण १९८६ पासून व्यसनमुक्तीचं काम करतं. तंबाखू सोडण्यासाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-११-२३५६, हा नंबर सिगरेटच्या पाकिटावरच छापलेला असतो.

एखादी ओढली गेली तर

एका सिगरेटने मेहनत वाया जात नाही. ‘गेलंच आता सगळं’ या खट्टू होण्यातून दुसरी पेटते, तिथे मात्र जाते. उरलेलं पाकीट तिथेच मोडून टाका, पॅच लावलेला असेल तर तसाच राहू द्या, पुढचा गम ठरल्या वेळेला घ्या. वहीत लिहा, किती वाजता, कुठे, कोणाबरोबर, बेचैनी दहापैकी किती. ही नोंद तीन ढिगांपैकी कोणत्या ढिगात पडते ते बघा आणि दुसऱ्या दिवशी त्या ढिगाचा उपाय वाढवा.

गम कमी करायची घाई नको. सातव्या ते नवव्या आठवड्यात दर दोन-चार तासांनी एक, दहाव्या ते बाराव्यात दर चार-आठ तासांनी एक. पायरी उतरताना बेचैनी चढली तर आधीच्या पायरीवर आठवडाभर थांबून मग पुन्हा उतरा. गम पूर्ण बंद झाल्यावरही दोन तुकडे पाकिटात असू द्या, विशेषतः तेराव्या-वर्षश्राद्धाला, परगावच्या लग्नाला किंवा निकालाच्या दिवशी जाताना.